जहांगीर मुलाणींचा उपाशी माल

भोरच्या बाजारात जहांगीर मुलाणींच्या कोंबडीबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. ती चार पैसे महाग असते आणि ती उपाशी असते. महाग का, याबद्दल लोकांची वेगवेगळी मतं होती. उपाशी का, याला मात्र एकच कारण होतं. ते म्हणजे जहांगीरचे वडील, दस्तगीर मुलाणी.

कोंबडीचा धंदा वजनावर चालतो. काट्यावर घालण्याआधी तासभर पक्ष्याला मका चारला आणि वर पाणी पाजलं की त्याच्या गळ्याखालची पिशवी टम्म होते आणि गिऱ्हाईक मक्याला कोंबडीचा भाव देऊन घरी जातं. हे सगळेच करत, सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्याला लबाडी म्हणायची कुणाला गरज वाटत नसे. दस्तगीर मात्र म्हणत. त्यांच्याकडे विकायच्या आदल्या सकाळपासून दाणा बंद, नुसतं पाणी. गावच्या जत्रेत बकरं कापायचा मान मुलाण्यांचा. तिथंही बकरं आदल्या दिवसापासून उपाशी. पोट रिकामं असलं की सुरीखाली घाण होत नाही, गाडीत घाण होत नाही आणि नियतीतही होत नाही, असं ते सांगत. नियत सांभाळून दस्तगीर गेले आणि मागे एक पत्र्याचं शेड, एक एम-एटी गाडी आणि हा नियम ठेवून गेले. जहांगीरनी तिन्ही चालू ठेवलं.

मग दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत पार तिकडे नवापूरला कोंबड्यांना रोग आला. भोरपासून नवापूर कुठं आहे हे भोरमध्ये कुणाला सांगता आलं नसतं, पण पांढरे कपडे घातलेली माणसं कोंबड्या पुरताना टीव्हीवर दिसली आणि भोरची माणसं डाळीवर आली. जहांगीरच्या शेडातल्या पक्ष्यांना शिंकसुद्धा आली नव्हती. ते निरोगी पक्षी कुणी फुकट नेईनात. चार महिन्यांनी लोकांचं भय गेलं आणि तोंडाला चव आली, तोवर एका कंपनीची गाडी थेट दुकानांत माल उतरवायला लागली होती. जहांगीर बावन्न वर्षांचे होते. शेड रिकामं होतं.

पोरगा मतीन पुण्यात कोंढव्याला राहायचा, कुरियरच्या ऑफिसात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "अब्बा, आता काय राहिलंय तिथं? या दोघं इकडं."

जहांगीर एकदा आठ दिवस जाऊन आले होते. तिसरा मजला, दोन खोल्या, मतीन, सून हीना, त्यांचं लहान मूल आणि एक गॅलरी. त्या गॅलरीत ते खुर्ची टाकून बसत. खालून दिवसभर माणसं जात. त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं आणि एकालाही कोंबडी नको होती. नवव्या दिवशी ते परत आले आणि मतीनला म्हणाले, "हाताला काम हाय तवर म्या भोर सोडत न्हाई."

"आणि काम संपलं की?"

"मग येतो."

"कबूल?"

"कबूल." दस्तगीर मुलाण्यांच्या घरात कबूल हा शब्द जपून वापरत. तो तोंडातून गेल्यावर जहांगीरच्या लक्षात आलं की आपल्या हाताला काम नाहीच.

ते काम पानशेतकडून आलं. धरणाच्या पाण्याकडेला पुण्याच्या एका साहेबांचा बंगला होता आणि त्या बंगल्यावर गोरख नावाचा माणूस राखणीला होता. पाहुणे आले की गोरख जहांगीरकडून गावठी कोंबड्या मागवायचा. एक दिवस त्याचा फोन आला तो वेगळ्याच मालासाठी.

"चाचा, रातकिडं मिळत्याल का?"

"कशाला?"

"सरड्याला."

"तुज्याकडं सरडा आलाय तर हाकल की. त्याला जेवाय काय घालतो?"

"हाकलाया येत न्हाई. त्यो साहेबांचा हाय."

साहेबांच्या मुलीने, प्रेरणाने, हट्टाने एक परदेशी सरडा घेतला होता. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, रंग वाळूचा. मग ती शिकायला बंगलोरला गेली, तिच्या आईने सरड्यासोबत एका घरात राहायला नकार दिला, आणि सरडा काचेच्या पेटीसकट पानशेतला आला. प्रेरणाने त्याला इंग्रजी नाव ठेवलं होतं. गोरख त्याला पाव्हणा म्हणायचा. बसून खायचं, काही करायचं नाही आणि कधी जाणार ते सांगायचं नाही, हे सगळं जुळत होतं.

प्रेरणाने पुण्यातल्या कुणाकडून तरी रातकिड्यांचं एक खोकं पाठवून दिलं आणि जहांगीरनी त्यावरून बेणं धरलं. अंडं उबवायची अक्कल त्यांच्या हातात होतीच. प्लॅस्टिकच्या टपांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे केले, कोपऱ्यात ओल्या मातीचा डबा ठेवला. माद्या मातीत शेपटाची सुई खुपसून अंडी घालायच्या. डबा बल्बखाली ठेवला की बारा दिवसांनी मातीतून मुंगीएवढी पिल्लं वर यायची. दीड महिन्यात ती विकायजोगी. खायला कोंबडीच्या पिल्लांचा भरडा, प्यायला ओला स्पंज. लोकांच्या घरात एक रातकिडा ओरडला तर माणसं चप्पल घेऊन त्याला शोधतात. जहांगीरच्या शेडात दोन हजार ओरडत आणि ते बाजेवर पडून शांतपणे ऐकत. ओरडणं थांबलं तर मात्र ते उठून बघत.

त्यांची बायको रुकसाना, इतकी वर्षं कोंबड्यांचा वास सोसलेली बाई, पहिल्यांदा वैतागली. "लोक इचारत्यात, मुलाणी आता काय इकत्यात? काय सांगू?"

"माल इकतो म्हनून सांग."

"कसला माल?"

"जिवंत माल."

शुक्रवारी सकाळी ते किड्यांचा दाणा काढून घेत. शनिवारी सकाळी मोजून खोक्यात भरत, खोकं एम-एटीला बांधत आणि चेलाडी फाट्यावरून आत वळून पाबे घाट चढून दुपारपर्यंत पानशेतला पोचत. खोकं उघडलं की तळाशी ठिपकाही नसे. एक किडा मेलेला नसे. गोरख दर वेळी म्हणायचा, "चाचा, तुमचा माल म्हंजे बघाया नगो. आरशावानी." मग तो किडे एका बरणीत ओतायचा आणि आठवडाभर त्यातले दहा-बारा रोज पाव्हण्याला टाकायचा. किड्यांना जेवण घालावं असं त्याच्या मनात आलं नाही. जो स्वतःच जेवण आहे त्याला कोण जेवण घालतं?

सव्वा वर्ष हे असं चाललं. मतीनच्या रविवारच्या फोनला जहांगीर ऐटीत सांगत, "काम हाय." मतीन हसायचा, पण कबूल म्हणजे कबूल. सरडा खात होता तोवर जहांगीर मुलाणी भोरचे होते.

दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर पाव्हणा पोट टेकून बसायला लागला. आधी गोरखला वाटलं आळस. मग त्याचे पुढचे पाय कोपरात वाकले. किड्याच्या मागे तो धावायचा, पण मधेच विसरल्यासारखा थांबायचा. दिवाळीच्या सुट्टीत प्रेरणा आली, तिने त्याला हातात घेतलं, बोटाने त्याचा जबडा दाबला आणि तो रबरासारखा आत गेला. तिने बॅगेतून छापलेल्या कागदांचा गठ्ठा काढला आणि शनिवारी जहांगीर येईपर्यंत वाचत बसली.

जहांगीरनी खोकं उघडून तिच्यापुढे धरलं. स्वच्छ.

"काका, इथं आणायच्या आदल्या दिवशी यांना काय खायला घालता?"

या प्रश्नाची जहांगीर आयुष्यभर वाट बघत होते. कुठल्याही गिऱ्हाइकाने तो कधी विचारला नव्हता. ते ताठ झाले.

"काय सुदीक न्हाई. शुक्रवारी सकाळधरनं दाणा बंद. आमच्यात पोट भरून माल द्यायची रीत न्हाई, बाई. वडिलांपासनं."

प्रेरणाने कागद मांडीवर ठेवला. "काका, सरडा किडा खातो असं आपण म्हणतो. पण किड्यात नुसतं टरफल असतं. त्याच्या पोटात जे असतं ना, गाजर, पाला, धान्य, ते सरड्याला लागतं. किडा म्हणजे पिशवी. एक दिवस उपाशी ठेवला की पिशवी रिकामी."

"म्हंजे पोट भरून द्यायचं?"

"गच्च भरून. खाऊन झाल्या झाल्या."

जहांगीरनी खोक्याचं झाकण लावलं. "आन् ती लबाडी न्हाई?"

"कसली लबाडी?"

याचं उत्तर लांबलं असतं. त्यात दस्तगीर आले असते, काटा आला असता, मका आला असता. मधेच गोरखने तोंड घातलं. "म्या बी बरनीत कायबी टाकत न्हवतो. म्हनलं, चाचांचा माल सोच्छ येतोय, आपुन कशाला घान करायची."

"आणि मी पांढरी पावडर दिली होती ती? कॅल्शियमची? किड्यांवर टाकायला सांगितली होती."

गोरखने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "ती व्हय. ती संपली."

"संपली म्हणजे वापरलीस ना?"

"वापरली की. कॅरमवर. पाहुणे यायचे ना साहेबांचे. लई झ्याक सरकायच्या सोंगट्या."

दिव्याचीही तीच गत निघाली. उन्हाऐवजी पेटीवर एक खास दिवा होता, पण भारनियमनात दिवसातले आठ-दहा तास तो बंद असायचा. बंगल्याला इन्व्हर्टर होता. त्यावर टीव्ही चालायचा. पाव्हण्याच्या अंगावर मालिकांचा उजेड पडत होता.

प्रेरणा चिडली नाही. "चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मी नीट सांगून जायला हवं होतं." जहांगीरना ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. व्यापारात गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या की माल बदलून देता येतो. गिऱ्हाईकच माफी मागायला लागलं तर काय द्यायचं?

साहेब संध्याकाळी आले आणि व्हरांड्यातच त्यांनी निकाल दिला. आता दुसरा प्राणी आणायचा नाही. हा जगला तर राहील. गेला तर पेटी काढून तिथं झाडाची कुंडी ठेवायची. ते वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी जहांगीरना चहा घेतला का, असंही विचारलं.

भोरला परतल्यावर जहांगीरनी जे सुरू केलं त्याला रुकसाना वेड म्हणाली. ते पासली गावापर्यंत गाडी मारून तिथल्या ठकुबाईकडून नाचणी घेऊन आले. ठकुबाई बाजारात नाचणी आणायचीच, पण तिच्यात जुनी मिसळलेली असते असा त्यांना संशय होता आणि या वेळी त्यांना संशय नको होता. ती दळून आणली. शेडामागच्या शेवग्याचा कोवळा पाला रोज खुडला. गाजरं किसली.

"आपल्या घरात गाजर शेवटचं कवा आलतं?" रुकसाना विचारायची.

"ईदला."

"मला वाटतं, आता म्याबी टपात जाऊन बसते."

किडे खायला लागले. शेवग्याचा पाला दुपारपर्यंत शिरांवर यायचा. त्यांची पोटं ताणली जात आणि आतलं नारिंगी-हिरवं कातडीतून दिसे. जहांगीर खाली वाकून ते बघत आणि त्यांना कसंतरी व्हायचं, जसं दुसऱ्याच्या काट्यावर आपला अंगठा ठेवल्यावर होईल. मग ते आणखी किस टाकत.

आता ते बुधवारीही जायला लागले. खोक्यात वाटेत खायला पाला टाकलेला असे, आणि पानशेतला पोचेपर्यंत तळाशी चिखल झालेला असे. पाब्याच्या हॉटेलात चहाला थांबले की ते खोक्यावर टॉवेल टाकत. तिथला मालक कुंडलिक त्यांना वीस वर्षं ओळखत होता.

"मुलाणी, आज वास येतोय."

"येतोय."

"कंदी येत न्हवता."

"न्हाई येत कंदी," जहांगीर म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

पण पाव्हण्याच्या जबड्यात आता किडा फोडायची ताकद नव्हती. भरल्या पोटाचे किडे त्याच्या नाकापुढून चालत जात आणि तो नुसता डोळा मिटून उघडायचा. प्रेरणा बंगलोरला गेली होती. जाताना तिने कागदांचा गठ्ठा जहांगीरकडे दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी तो गाडीच्या डिकीत ठेवला, कागदपत्रांबरोबर.

एका बुधवारी त्यांनी गोरखला ताटली मागितली. किडा धरला, डोकं आणि तंगड्या मोडल्या, आणि पोटातलं बोटाच्या टोकावर पिळलं. चण्याएवढाही ऐवज नाही. ते बोट त्यांनी पाव्हण्याच्या ओठाला लावलं.

"चाचा, चावंल."

"चावू दे. चावला तर बरंच हाय."

पाव्हण्याने जीभ काढली. एकदा. मग जरा थांबून पुन्हा. जहांगीरनी वीस किडे पिळले. गोरख ताटली धरून उभा होता आणि प्रत्येक चाटण्याला हळूच आकडा म्हणत होता. त्या दिवशी त्यांनी मतीनला आपण होऊन फोन केला, बुधवार असताना. "खातोय," ते म्हणाले. मतीनला आधी काय खातोय ते कळलंच नाही.

ते चाटणं नऊ दिवस चाललं; जहांगीर नसत त्या दिवशी गोरख किडे पिळायचा. शुक्रवारी दुपारी, वीज असताना, दिवा चालू असताना, पाव्हणा मेला. गोरखने त्याला सीताफळाच्या झाडाखाली पुरलं आणि शनिवारी जहांगीर खोकं घेऊन आले तेव्हा तो पेटीची काच पुसत होता.

"चाचा, आता किडं नगा आनू."

"बरं."

"कुंडी येनार हाय. रबराचं झाड."

"बरं," जहांगीर पुन्हा म्हणाले. गोरखने चहा टाकला होता. तो त्यांनी पूर्ण घेतला आणि खोकं तसंच बांधून निघाले. पाबे घाटात वर, कठड्यापाशी, त्यांनी गाडी लावली. खोकं घरी नेलं असतं तर रुकसानाने विचारलं असतं. त्यांनी झाकण काढलं आणि खोकं गवतात आडवं केलं. किडे बाहेर येईनात. ते ट्रेच्या खाली दाटीवाटीने बसून राहिले. त्यांनी ट्रे उचलला तशी ते गाडीच्या सावलीत पळाले. तारेवर एक काळा कोतवाल पक्षी होता. तो खाली आला, एक उचलला, वर जाऊन बसला, पुन्हा आला. इतका भरलेला किडा त्या पक्ष्याला त्या डोंगरात कधी मिळाला नसेल. किडे संपेपर्यंत जहांगीर बघत बसले.

घरी रुकसानाने विचारलं, "कसा हाय पाव्हणा?"

"खातोय," ते म्हणाले.

पुढचे शनिवार तसेच गेले. ते सकाळी किडे मोजून भरत, घाटात जात, सोडत, तीन-चार तास बसत आणि पानशेतला जाऊन यायला लागेल तेवढा वेळ भरला की परतत. कोतवाल एकाचे तीन झाले. मतीन रविवारी विचारायचा, "अब्बा, किडे चालू आहेत?"

"चालू हायत."

हे खोटं नव्हतं. किडे चालूच होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी खोकं बांधून झालं तेव्हा रुकसाना चपला घालून, पदर खोचून बाहेर आली आणि गाडीवर मागे बसली. खोकं तिने मांडीवर घेतलं.

"तू कुठं?"

"पाव्हणा बघाया. सव्वा-दीड वर्सं त्याच्यापायी वास सोसला. तोंड तरी बघू."

"लांब हाय. घाट हाय."

"मग हळू चालवा."

घाटात वर पोचल्यावर जहांगीरना पुढे जायचं कारण सापडेना आणि थांबायचंही. गाडी आपोआप कठड्यापाशी थांबली. तारेवर तिन्ही कोतवाल होते. ते गाडी बघून सरकले. जहांगीरनी खोकं तिच्या मांडीवरून घेतलं, गवतात आडवं केलं, ट्रे उचलला. पक्षी खाली आले. रुकसाना कठड्यावर बसून बघत राहिली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गोरखचा फोन आलता घरी. तुमी भाईर होता. पाव्हणा गेला म्हनला, आन् साहेबांनी तुमाला सलाम सांगितलाय म्हनला."

"कवा?"

"दीड म्हैना झाला."

जहांगीरनी खोक्याच्या तळाचा पाला झटकला. "म्हंजे तुला म्हाईत होतं."

"मला वाटलं, आज सांगत्याल. उद्या सांगत्याल." ती पक्ष्यांकडे बघत होती. "मग म्या गाजरं किसत बसले."

"हा माल संपू दे. मग सांगतो."

"त्यो संपत न्हाई. त्यो अंडी घालतोय."

तिने पिशवीतून मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला. तिथं रेंज नव्हती. त्यांनी तो परत देऊन बघितला, तिने घेतला नाही. मग ते चालत वर वळणापर्यंत गेले, जिथून पलीकडचं सगळं खोरं दिसतं, आणि हात वर धरून थोडा वेळ उभे राहिले. दोन काड्या आल्या.

"मतीन, बंद झाले."

"काय बंद झाले, अब्बा?"

"किडे."

पलीकडे मतीनने हीनाला काहीतरी हळूच सांगितल्याचं ऐकू आलं. "बरं," तो म्हणाला. "मग मी उद्या येतो. सामानाला टेम्पो सांगतो."

"लहान सांग," जहांगीर म्हणाले. "जास्त काय न्हाई."